जायचं का, आणि कुठे? छत्रपती संभाजीनगरमधून परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी

आपल्या शहरात परदेशाची चर्चा बहुतेक वेळा देशाच्या नावापासून सुरू होते. कुणी ‘कॅनडाचं बघतोय’ म्हणतो, कुणी जर्मनचा क्लास लावलेला असतो, कुणाचा मावसभाऊ दुबईला असतो. पण देश सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं घरात बसून, कागदावर लिहून काढायला हवीत. कशासाठी जायचं? हातात कोणतं कौशल्य आहे? आणि बेत फसला तर घराचं काय जाईल? तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

कमवून परतायचं की कायमचं राहायचं?

आखाती देशांचा रस्ता आपल्याकडे जुना आहे. जुन्या शहरातल्या कितीतरी घरांचे मजले त्या पैशांवर चढले, बहिणींची लग्नं झाली. पण तिथलं राहणं नोकरीला बांधलेलं असतं आणि सर्वसाधारण कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. पाच-दहा वर्षं कमवून परतायचं असेल, तर हा रस्ता सरळ आहे. मुलांना तिथेच वाढवून स्थायिक व्हायचं असेल, तर तो रस्ता आपला नाही.

अमेरिकेचं उलट आहे. तिथे नागरिकत्वाची वाट आहे, पण भारतीयांसाठी ती फार लांब आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० असतात आणि कोणत्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय अभियंत्यांची रांग काही दशकांची झाली आहे. एच-१बी व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागा, त्याही सोडतीने. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. अमेरिकेत काही वर्षांचा अनुभव जरूर घ्यावा. कायमच्या मुक्कामाचा हिशेब मात्र त्या रांगेवर मांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातात काय आहे?

आपल्याकडे ‘परदेश’ म्हटलं की इंजिनीअर आणि एमएस डोळ्यांसमोर येतात. आजच्या घडीला चांगली संधी मात्र आयटीआय झालेल्या मुलांना आणि नर्सेसना आहे, आणि नेमकं त्यांनाच हे कुणी नीट सांगत नाही.

समजा, वाळूजच्या एखाद्या कारखान्यात काम करणारा फिटर आहे. जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘चान्सनकार्टे’ नावाचं कार्ड सुरू केलं. त्यावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. त्यासाठी आपल्या देशात मान्यता असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण किंवा पदवी लागते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे आपल्या आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डरचा एक वर्षाचा. म्हणजे एकाच इमारतीत शिकलेल्या दोन मित्रांपैकी एकाला हे दार उघडं आणि दुसऱ्याला बंद, असं होऊ शकतं. शिवाय भाषा, वय आणि अनुभव यांचे गुण मोजले जातात, आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती सुमारे तेरा हजार युरो होती. एवढी रक्कम नसेल, तर इथूनच नोकरीचा करार हातात घेऊन जाणं शहाणपणाचं.

चिकलठाणा एमआयडीसीत जर्मनीच्या सहकार्याने उभं राहिलेलं इंडो-जर्मन टूल रूम आहे. टूल अँड डायचं काम शिकलेला कारागीर जगात कुठेही उपाशी राहत नाही. ज्यांच्या घरातलं मूल दहावी-बारावीनंतर कोणत्या वाटेने जावं या विचारात आहे, त्यांनी त्या संस्थेत एकदा जरूर चौकशी करावी.

नर्सेसना साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. तिथे पोहोचल्यावर पात्रतेची मान्यता पूर्ण होईपर्यंत सहायक म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. घाटी रुग्णालयात ड्युटी करून आलेल्या मुलीला हे दिवस जड जातात, म्हणून आधी कळलेलं बरं. नोकरी सांभाळून शिकणारीने बी-२ साठी दीड-दोन वर्षं धरावीत. ‘सहा महिन्यांत जर्मनी’ अशी जाहिरात दिसली, की तो क्लास सोडून द्यावा.

जपानचं नाव आपल्याकडे कमी निघतं. खरं तर अजिंठ्यामुळे जपानी बोलणारे गाईड या शहरात कित्येक वर्षांपासून आहेत, त्यामुळे ती भाषा इथे परकी नाही. जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा आणला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत करार केला. एन-४ पातळीची भाषा आणि कौशल्याची परीक्षा, एवढं जमलं तर पाच वर्षांपर्यंत काम मिळतं. पहिल्या टप्प्यात कुटुंब नेता येत नाही. लग्न झालेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सरकारी करारावर किती विसंबायचं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण पाठवायचे आणि त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च राज्याने करायचा, असं ठरलं. बातमी आली तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत उत्साह होता आणि तो रास्तच होता. पण करार दोन सरकारांमधला असतो. तुमचा व्हिसा तुमची भाषा, तुमच्या पात्रतेची मान्यता आणि तिथल्या मालकाने सही केलेलं नेमणूकपत्र यांवर मिळतो. ते पत्र हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नये.

पैसा कुणाचा?

शिक्षणासाठी जाणाऱ्यांच्या घरात खरी ओढाताण इथे होते. जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावी लागते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं. पण आपल्याशी करार केलेलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. कॅनडाने राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर केली आहे. इंग्लंडमधलं एक वर्षाचं मास्टर्स राहण्याखाण्यासकट तीस-पस्तीस लाखांपर्यंत सहज जातं, आणि शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत २०२७ पासून दीड वर्षावर येणार आहे. एवढ्या अवधीत व्हिसा देणारी कंपनी मिळाली नाही, तर मुलगा परत येतो आणि हप्ते सुरूच राहतात.

साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला राष्ट्रीयीकृत बँका साधारणपणे तारण मागतात. आपल्या शहराची अडचण इथेच आहे. शहरातली हजारो घरं गुंठेवारीतली आहेत. बापाने पोटाला चिमटा काढून वीस बाय तीसच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या, वर मजला चढवला. पण महापालिकेतून गुंठेवारी नियमित झालेली नसेल, तर बँक ते घर तारण धरायला सहसा तयार होत नाही. मुलाच्या प्रवेशाचं पत्र आल्यावर हे कळतं आणि मग धावपळ सुरू होते. म्हणून नियमितीकरणाची फाइल अर्जाच्या आधी वर्षभर हलवावी.

शेतजमिनीचंही तसंच आहे. थकीत कर्जाच्या वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी बँका शेत तारण घेणं टाळतात. मग एखादा एकर विकला जातो किंवा सावकाराकडे अडकतो. माझी कळकळीची विनंती आहे, की ज्या घराचं वर्षभराचं धान्य त्या तुकड्यातून येतं, त्याने तो तुकडा एका मास्टर्ससाठी विकू नये. कर्ज फक्त इतकंच काढावं, की मुलाला परत येऊन इथल्या पगारातही ते फेडता येईल.

त्याआधी शिष्यवृत्त्या बघाव्यात. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे आणि जगातल्या पहिल्या दोनशे विद्यापीठांतल्या प्रवेशाला ती मिळते. इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, या करारावर त्यांनी सही केली होती. त्यांनी १९५० मध्ये इथे सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्यांच्या नातवंडांनी शिष्यवृत्तीच्या अटी वाचायला कंटाळू नये.

एजंटकडे जाताना

परदेशात नोकरीला पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत असावाच लागतो. त्याचा क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. शिक्षणाचे सल्लागार या कायद्यात येत नाहीत. ‘आमची फी नाही’ म्हणणाऱ्या सल्लागाराला बहुधा कॉलेजकडून कमिशन मिळतं, म्हणून तो त्याच कॉलेजांची नावं पुढे करतो. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कन्व्हर्ट करू’ हे वाक्य कानावर आलं, की तिथून उठून यावं.

नाव आणि गाव

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडलेलं. लग्न झालेल्या मुलींचा घोळ त्याहून मोठा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी फाइल अडते, म्हणून राजपत्रातली नावबदलाची नोंद लवकर करून घ्यावी. जन्मस्थळाचंही बघावं. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं, पण जन्मदाखल्यावर आणि जुन्या पासपोर्टवर औरंगाबादच आहे. अर्जात पासपोर्टवर आहे तेच लिहावं, आणि दाखल्यात वेगळं असेल तर दोन्ही एकच असल्याचं पत्र जोडावं.

न जाण्याचाही हिशेब मांडा

शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक हे औद्योगिक शहर डोळ्यांसमोर उभं राहत आहे. टोयोटा किर्लोस्कर, एथर, लुब्रिझोल यांच्या गुंतवणुकीच्या घोषणा २०२४ मध्ये झाल्या. घोषणेपासून नोकरीपर्यंत वेळ जातो, हे खरं. तरीही चोविशीतल्या तरुणाने इथली पुढची पाच वर्षं आणि तिथली पाच वर्षं, दोन्हींची मिळकत आणि शिल्लक शेजारी-शेजारी मांडून बघावी.

शेत, सातबारा आणि नागरिकत्व

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं जातं. २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी ते सोडलं. त्यानंतर ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर येणं-जाणं, राहणं, घर घेणं जमतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नागरिकत्व न सोडता परदेशी राहणाऱ्यालाही नवी शेतजमीन घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र दोघांनाही ठेवता येते.

म्हणून निघण्याआधी तलाठ्याकडे वारसनोंद पूर्ण करावी आणि वाटणी व्हायची असेल तर ती तोंडी न ठेवता नोंदवून घ्यावी. ई-पीक पाहणी आता मोबाइलवर, शेतात उभं राहून करावी लागते; ती कोण करणार, हे ठरवावं. वडिलांच्या बँकेच्या खात्यावर, विजेच्या मीटरवर, सोसायटीच्या कर्जावर कुणाचं नाव आहे ते पाहावं. भावाला किंवा बहिणीला द्यायचं मुखत्यारपत्र इथेच, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जावं. परदेशातून करायचं झालं, तर भारतीय वकिलातीत सही करावी लागते, आणि कागद इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.