नाकातील मांसवाढ : उपचारांचे उद्दिष्ट काय असावे?

नाकात वाढलेले मांस शस्त्रक्रियेने काढले, की विकार कायमचा संपला, असा अनेक रुग्णांचा समज असतो. काही काळाने नाक पुन्हा बंद होऊ लागले, की निराशा पदरी येते आणि दोष शस्त्रक्रियेला दिला जातो. प्रत्यक्षात या विकारात उपचारांचे उद्दिष्ट नेमके काय, हेच बऱ्याचदा रुग्णाला उमगलेले नसते.

दाह हे मूळ कारण

नाकाभोवतीच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. नाक व सायनसच्या अस्तराचा दाह 12 आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकल्यास तो दीर्घकालीन मानला जातो. काही रुग्णांत हे अस्तर सुजून द्राक्षांच्या घडासारखे लोंबू लागते. यालाच पॉलिप किंवा बोलीभाषेत 'नाकातले मांस' म्हणतात. ही वाढ कर्करोगाची नसते आणि सहसा दुखतही नाही. मात्र ती साधारणतः दोन्ही बाजूंना आढळते. एकाच नाकपुडीत वाढ असेल किंवा रक्त येत असेल, तर तपासणी लांबवू नये.

या विकारामागे बहुतांशी जंतुसंसर्गापेक्षा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा अतिरेक असतो. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अस्तरात गोळा होतात व सूज टिकवून धरतात. म्हणूनच वारंवार प्रतिजैविके घेऊन फारसा लाभ होत नाही. अनेक रुग्णांना दमाही असतो, तर काहींना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी धाप लागते.

नियंत्रण म्हणजे काय?

दम्याप्रमाणेच येथेही 'नियंत्रण' हे ध्येय असते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार नाक चोंदणे, नाक वाहणे, चेहऱ्यावरील दडपण, गंध न येणे व झोपमोड यांचा त्रास नसणे किंवा नगण्य असणे, दुर्बिणीतून अस्तर निरोगी दिसणे आणि अलीकडच्या काळात तातडीचे जादा औषध न लागणे, हे नियंत्रणाचे निकष होत.

यात गंधाला विशेष महत्त्व आहे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती किंवा नासलेले अन्न ध्यानात न येणे धोक्याचे ठरते. जेवणाची गोडी जाते, ती वेगळीच.

पोटात घेण्याच्या स्टिरॉइडची गरज कमी करणे हेही तितकेच मोठे उद्दिष्ट होय. या गोळ्यांनी नाक चटकन मोकळे होते. पण वारंवार घेतल्यास मधुमेह, हाडांची झीज, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अल्पकाळच घ्याव्यात.

पायरीपायरीने उपचार

उपचारांचा पाया म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे व स्टिरॉइडचा फवारा. पाणी उकळून थंड केलेलेच असावे. फवाऱ्यातील औषध शरीरात अत्यल्प शोषले जाते. त्यामुळे गोळ्यांची भीती फवाऱ्याला लावू नये. फवारा मारताना त्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूस वळवावे. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात; चार दिवसांत गुण नाही म्हणून औषध सोडणे चुकीचे ठरते.

एवढ्याने भागले नाही, तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. तिने मांस निघते, सायनसची तोंडे रुंदावतात आणि औषध आतपर्यंत पोहोचते. दाहाची प्रवृत्ती मात्र उरतेच. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही फवारा व नाक धुणे चालू ठेवावे लागते.

तरीही आजार उलटणाऱ्या निवडक रुग्णांसाठी जैविक औषधांची इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. अमेरिकेत या विकारासाठी डुपिलुमॅबला 2019 मध्ये, ओमॅलिझुमॅबला 2020 मध्ये व मेपोलिझुमॅबला 2021 मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे महागडी असून ती थांबविल्यास त्रास परतू शकतो. त्यामुळे ती सरसकट दिली जात नाहीत.

उपचार सुरू करतानाच रुग्णाने डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : किती महिन्यांत काय सुधारणा अपेक्षित आहे आणि ती न झाल्यास पुढची पायरी कोणती? तपासणीच्या वेळी गंध, झोप व वर्षभरात घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांची नोंद सोबत न्यावी. विकार समूळ नाहीसा झाला नाही, तरी मोकळा श्वास, शांत झोप व गंधाची जाण टिकवणे बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्यात असते.