दात राखण्याची विद्या

ठाणे शहराच्या ज्या भागातून येऊरचे हिरवे डोंगर जवळ दिसतात, त्या भागात वर्तकनगर ही वसाहत आहे. गृहनिर्माण मंडळाने पूर्वी बांधलेल्या येथील कित्येक इमारती जीर्ण झाल्यामुळे पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. जुने घर पडले, तरी त्याच जागी नवे घर बांधता येते. परंतु मनुष्याच्या शरीरातील एक वास्तू अशी आहे, की ती एकदा पडली म्हणजे निसर्ग ती पुन्हा बांधून देत नाही. ती वास्तू म्हणजे कायमचा दात होय. हा दात उपटून न टाकता त्याची योग्य वेळी दुरुस्ती करावी आणि तो जन्मभर राखावा, हे आजच्या दंतवैद्यकाचे मुख्य ध्येय आहे.

वर्तकनगरातल्या कोणत्याही दंतवैद्याच्या दवाखान्यात वारंवार घडणारा एक प्रसंग पाहावा. बारा वर्षांचा एक मुलगा आपल्या आजीबरोबर आला आहे. थंड पाणी प्याले, की त्याची खालची एक दाढ ठणकते.

आजी म्हणते, "डॉक्टर, दुधाचाच दात असेल. काढून टाका, म्हणजे नवा येईल."

डॉक्टर लहानशा आरशात दाढ पाहतात आणि सांगतात, "आजी, हा दुधाचा दात नव्हे. ही त्याची कायमची दाढ आहे. ही गेली, तर हिच्या जागी दुसरी यायची नाही."

आजीची ही चूक पुष्कळ घरांत होते आणि तिला कारणही तसेच आहे. दुधाचे दात २० असतात. ते पडले म्हणजे त्यांच्या जागी नवे दात येतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, चार नव्या दाढा मुकाट्याने उगवतात. त्या कायमच्या असतात. दात पडला नाही, तेव्हा ही दाढही दुधाचीच असावी, असे घरच्यांना वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात; त्यांत अन्न अडकते. म्हणूनच कायमच्या दातांपैकी बहुधा हीच दाढ प्रथम बिघडते.

दात बिघडला, की 'दाताला कीड लागली' असे मराठीत म्हणतात. खरोखरच दातात किडा शिरतो, असा समज जगभर हजारो वर्षे होता. प्राचीन बाबिलोनच्या मृत्तिकालेखांतही त्याचा उल्लेख सापडतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला असा किडा आढळला नाही, असे त्याने त्यात नमूद केले. खरे कारण पुढे बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या विलोबी मिलर या शास्त्रज्ञाने १८९० साली मांडले. तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. दातांवर साचलेल्या चिकट थरात राहून ते साखर व पिठूळ पदार्थ यांवर जगतात आणि त्यांपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने दातावरील कवच विरघळू लागते.

हे कवच, म्हणजे एनॅमल, मनुष्याच्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात. हाताला झालेली जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते. एनॅमलला एकदा भोक पडले, की ते मात्र आपोआप बुजत नाही. आम्लाने झालेली अगदी आरंभीची झीज लाळेतील क्षार भरून काढतात. परंतु दिवसभर गोड खाणे चालू राहिले, तर लाळेला त्यासाठी अवसर मिळत नाही. एनॅमलच्या आत दंतिन नावाचा थोडा मऊ थर असतो आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गाभा असतो. बिघाड दंतिनापर्यंत पोहोचला, की दात थंड-गोड पदार्थांनी ठणकू लागतो. गाभ्यापर्यंत पोहोचला, की रात्रीची झोप उडते.

पूर्वी अशा दुखण्यावर लवंगेचे तेल लावीत आणि तेवढ्याने भागले नाही, तर दात उपटून टाकीत. दात वाचविण्याचे शिक्षण आपल्या देशात फार उशिरा सुरू झाले. १९२० साली डॉ. रफीउद्दिन अहमद यांनी कलकत्त्यास भारतातील पहिले दंतमहाविद्यालय स्थापन केले. मुंबईस १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय निघाले. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला आणि या व्यवसायाला शिस्त आली.

आता त्या मुलाच्या दाढेकडे वळू. भोक बाहेरून तांदळाच्या कणीएवढे दिसते. पण आत ते किती पसरले आहे? हे समजण्यासाठी क्ष-किरणांचे चित्र घेतात. राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला आणि दोनच महिन्यांनी ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या अल्पांशात होते आणि चित्र लगेच पडद्यावर उमटते. मुलाच्या दाढेतील बिघाड दंतिनापर्यंत गेला आहे, परंतु गाभा अजून शाबूत आहे, असे त्यात दिसते.

यानंतर हिरडी बधिर करण्याचे औषध टोचतात. लिग्नोकेन हे आज सर्वत्र वापरले जाणारे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये प्रथम तयार झाले. त्याच्या प्रभावाने मुलगा पूर्ण शुद्धीवर असतो. वेदनेचा निरोप मात्र मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

मग कुजलेला भाग कोरून काढावयाचा. १८७१ साली जेम्स मॉरिसन या अमेरिकन दंतवैद्याने शिवणयंत्राप्रमाणे पायाने चालवावयाचे कोरणयंत्र तयार केले. त्याची सुई मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेई; दात हादरे आणि रोग्याचा जीव मेटाकुटीस येई. १९५७ साली जॉन बोर्डन यांनी दाबाखालच्या हवेने फिरणारे यंत्र प्रचारात आणले. त्याचे फेरे मिनिटाला सुमारे तीन लाख! दवाखान्याबाहेर ऐकू येणारी बारीक शीळ याच यंत्राची असते. हिऱ्याचे कण बसविलेले त्याचे टोक कठीण एनॅमल लोण्यासारखे कापते. घर्षणाच्या उष्णतेने गाभ्याला इजा होऊ नये, म्हणून त्या टोकावर पाण्याचा फवारा सतत उडत असतो. गाभ्याजवळ पोहोचताच मात्र डॉक्टर हे वेगवान यंत्र दूर ठेवतात आणि चमच्यासारख्या लहान हत्याराने मऊ भाग हळुवारपणे काढतात.

पोकळी स्वच्छ झाली. आता ती कशाने भरावी? शंभराहून अधिक वर्षे चांदी, कथील, तांबे आणि पारा यांचे मिश्रण यासाठी वापरीत. ते मजबूत असते. परंतु ते दाताला चिकटत नाही. ते निसटू नये, म्हणून पोकळी आतून रुंद करावी लागे आणि त्यासाठी निरोगी दातही कापावा लागे. शिवाय पाऱ्याने पाणी व माती दूषित होते. २०१३ साली झालेल्या मिनामाता करारान्वये अनेक देशांनी या मिश्रणाचा वापर कमी करण्याचे मान्य केले.

नवा मार्ग एका साध्या निरीक्षणातून निघाला. गुळगुळीत भिंतीवर गिलावा करावयाचा असला, की गवंडी आधी तिच्यावर छिन्नीने खाचा पाडतो. त्यामुळे गिलावा घट्ट धरून राहतो. धातूवर रंग पक्का बसावा, म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल लावीत असत. मायकेल बुओनोकोरे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५५ साली तेच आम्ल एनॅमलवर काही क्षण लावून पाहिले. एनॅमलवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य खाचा पडल्या आणि त्यांत राळ घट्ट रुतून बसली. जे आम्ल दाताचा नाश करते, तशाच आम्लाचा उपयोग दात राखण्यासाठी झाला! पुढे राफेल बोवेन यांनी या कामासाठी खनिजाची बारीक पूड मिसळलेली टणक राळ तयार केली. १९६२ साली त्यांना तिचे एकस्व मिळाले.

ही राळ लाळेने ओली झाली, तर चिकटत नाही. म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवितात; ही युक्ती १८६४ सालची असून आजही तितकीच उपयुक्त आहे. डॉक्टर दाताच्या रंगाची मऊ राळ थराथराने भरतात आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश टाकतात. या प्रकाशाने ती काही सेकंदांत कठीण होते. त्याने डोळ्यांना त्रास होऊ नये, म्हणून मध्ये नारिंगी काच धरतात. अर्ध्या-पाऊण तासात दाढ पूर्ववत होते. निरोगी भागाला धक्काही लागलेला नसतो.

हाच मुलगा वर्षभर उशिरा आला असता, तर? जंतू गाभ्यात शिरले असते. तरीही दाढ वाचविता आली असती. परंतु काम फार किचकट झाले असते. मुळांतील केसासारख्या बारीक नळ्या लवचीक कानशींनी साफ करावयाच्या, त्या औषधी द्रवाने धुवावयाच्या आणि गटापर्चा नावाच्या पदार्थाने बंद करावयाच्या. हा गटापर्चा मलायातील एका झाडाचा चीक होय. १८७० साली समुद्राखालून मुंबईपर्यंत आलेल्या तारायंत्राच्या तारेवरही त्याचेच वेष्टन होते. एवढे करूनही दाढ फुटू नये, म्हणून तिच्यावर टोपी बसवावी लागते. आता कित्येक ठिकाणी दाताचे माप छोट्या कॅमेऱ्याने घेतात आणि संगणकाच्या आज्ञेनुसार यंत्र ती टोपी कोरून देते. काम चोख होते. पण वेळ, पैसा आणि यातना कितीतरी वाढतात.

मुलगा उठण्यापूर्वी डॉक्टर आणखी एक गोष्ट दाखवितात. बाराव्या वर्षी येणारी दुसरी दाढ हिरडीतून नुकतीच डोकावत आहे. ती पूर्ण वर आली, की तिच्या खाचांत राळेचा पातळ थर भरून त्या बंद करता येतील. तिथे कोरण्याचे कामच पडणार नाही. दंतवैद्याची सर्वांत मोठी करामत हीच, की त्याच्या यंत्राची गरजच पडू नये! परंतु अर्धे काम मुलाच्या हाती राहते. रात्री निजण्यापूर्वी व सकाळी फ्लोराइड असलेल्या मंजनाने दात घासणे, ब्रश मागच्या दाढांपर्यंत नेणे आणि मधल्या वेळी गोड खाण्याला आवर घालणे, हे दुसरा कोणी त्याच्यासाठी करू शकत नाही.

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,' असे म्हणून जुनी माणसे दैवाला बोल लावीत. चणे मिळणे न मिळणे हे कदाचित दैवाधीन असेल. पण दात राखणे आता बऱ्याच अंशी मनुष्याच्या हाती आले आहे. काढून टाकण्यासाठी आणलेली दाढ तोंडातच ठेवून मुलगा आजीबरोबर घरी जातो. नीट सांभाळली, तर आजीच्या वयाचा होईपर्यंत ती त्याला साथ देईल.