नाशिकची बिनविरोध जागा

यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली ती २१ नोव्हेंबर १९६२ ला. नेमक्या त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे तोंडपाठ असतं. त्यामागचा एक तपशील मात्र फारसा कुणी सांगत नाही. मंत्रिपदावर राहायचं तर चव्हाणांना सहा महिन्यांत खासदार होणं भाग होतं. त्यासाठी नाशिकची पोटनिवडणूक लागली आणि विरोधकांनी तिथे उमेदवारच दिला नाही. सरकारवर तुटून पडायला याहून सोयीची वेळ कुठली होती?

हे विरोधक काही मवाळ नव्हते. १९५९ च्या ऑगस्टमध्ये सीमेवरच्या लोंगजूला गोळीबार झाला, अक्साई चिनमधल्या चिनी रस्त्याची कबुली पंतप्रधान नेहरूंना लोकसभेत द्यावी लागली आणि सप्टेंबरात चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका बाहेर आली. सदस्यांनी पिच्छा पुरवला नसता तर ती कागदपत्रं फायलींतच राहिली असती. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारभाराची लोकसभेत चिरफाड केली आणि पुढच्या फेब्रुवारीत ते थेट उत्तर मुंबईत मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले. सगळ्या देशाचे डोळे त्या एका मतदारसंघाकडे लागले होते. कृपलानी सपाटून हरले. आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चिनी फौजा चालून आल्या.

मग अटलबिहारी वाजपेयी, वय ३७, जनसंघाचे राज्यसभा सदस्य, शिष्टमंडळ घेऊन नेहरूंकडे गेले: अधिवेशन ताबडतोब बोलवा. लोकसभेत ३६१ सदस्य पाठीशी असलेल्या पंतप्रधानाला ही मागणी सहज टोलवता आली असती. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला संसद भरवली. खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी बैठक गुप्त घेण्याचं सुचवलं, ते नेहरूंनी नाकारलं. सीमेवर लढाई चालू असताना दीडशेहून अधिक सदस्य उघडपणे बोलले, आणि १४ नोव्हेंबरला, नेहरूंच्या वाढदिवशी, आक्रमकाला हुसकावण्याचा ठराव सदस्यांनी उभं राहून मंजूर केला. मेनन यांचं मंत्रिपद त्याआधीच गेलं होतं. ते विरोधकांनी घालवलं, असं म्हणणं मात्र अर्धसत्य ठरेल. खरा रेटा काँग्रेसच्याच खासदारांचा होता. महावीर त्यागींसारखे सत्ताधारी बाकांवरचे लोक सीमेच्या प्रश्नावर कुठल्याही विरोधकाइतकेच तिखट बोलत.

याच वाजपेयींचं सरकार १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी काळजीवाहू होतं. लोकसभा विसर्जित झालेली. निदान राज्यसभेचं अधिवेशन तरी घ्या, असं विरोधक सांगत राहिले. ते झालं नाही. सर्वपक्षीय बैठकांवर भागवलं गेलं. खुर्चीची बाजू बदलली की प्रश्नही गैरसोयीचे वाटू लागतात.

१९६२ मधली सर्वांत अवघड जागा कम्युनिस्टांची होती. २९ खासदारांचा हा विरोधातला सर्वांत मोठा पक्ष, आणि शत्रू त्यांच्याच विचारसरणीचा. श्रीपाद अमृत डांगे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने १ नोव्हेंबरला चिनी आक्रमणाचा निषेध करून सरकारला पाठिंबा दिला. तो सगळ्यांना पटला नाही. पक्षातल्या डाव्या गटाचे शेकडो कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली तुरुंगात गेले आणि १९६४ मध्ये पक्षच फुटला. शत्रूचं समर्थन आणि सरकारच्या धोरणाशी मतभेद यांतली रेघ पोलिसांच्या वॉरंटवर उमटत नाही. माझ्या मते या अटका ही त्या काळातली सर्वांत मोठी चूक, आणि तिच्याबद्दल बाकीच्या विरोधकांनी पुरेसा आवाज उठवला नाही.

मे १९६३ मध्ये पोटनिवडणूक जिंकून कृपलानी सभागृहात परतले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी नेहरू मंत्रिमंडळावर अविश्वास ठराव आणला. लोकसभेच्या इतिहासातला तो पहिलाच. बाजूने ६२, विरोधात ३४७. आकडे पाहिले तर फुसका बार. पण सरकार चार दिवस उत्तरं देत होतं. नाशिकची जागा मोकळी सोडणारे आणि हा ठराव आणणारे एकाच बाकांवरचे लोक होते, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही.

ठराव पडल्यावर दोन आठवड्यांच्या आत, २ सप्टेंबरला, चव्हाण लोकसभेत उभे राहिले. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. प्रशिक्षण, साधनसामग्री, वरिष्ठांचं नेतृत्व यांत काय उणं पडलं याचा गोषवारा चव्हाणांनी सभागृहाला सांगितला. मूळ अहवाल मात्र पटलावर ठेवला नाही. त्यानंतर दिल्लीत जवळजवळ प्रत्येक रंगाचं सरकार येऊन गेलं, विरोधात असताना त्याबद्दल विचारणारेही सत्तेवर बसले. अहवाल अजून गोपनीयच आहे.