चाकातील मोटर आणि टॉर्क आर्म : एका लहान पट्टीचे मोठे कार्य

साध्या सायकलीच्या चाकात विजेची मोटर बसवून घेण्याचा प्रघात आता शहरांपुरता राहिलेला नाही. महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी आणि कामावर जाणारे पालक अशा सायकली वापरू लागले आहेत. बॅटरी व मोटर यांची चौकशी सर्वजण करतात. परंतु ‘टॉर्क आर्म’ या पोलादी पट्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. स्वाराची सुरक्षितता मात्र पुष्कळ अंशी तिच्यावरच अवलंबून असते.

साध्या सायकलीच्या आसाला केवळ भार पेलावा लागतो. मोटरच्या चाकाची रचना निराळी आहे. हबमधील तारांची वेटोळी आसाला घट्ट जोडलेली असतात व बाहेरील कवच चाकासह फिरते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मोटर चाकाला जेवढा पीळ पुढे देते, तेवढाच पीळ आसाला उलट दिशेने बसतो. आस फिरू नये म्हणून त्याच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात आणि त्या फ्रेमच्या वा फोर्कच्या खाचेत अडकतात.

ही अडवणूक पुरेशी का नाही, हे एका हिशेबाने कळेल. मोटरचा टॉर्क ४० न्यूटन-मीटर आहे असे मानू. सपाट बाजूच्या दोन कडांमधील अंतर फार तर १० मिलिमीटर असते. नटांची पकड ढिली झाल्यास या कडांवर दोन्ही खाचांत मिळून सुमारे ४०० किलो वजनाएवढा जोर येतो. तोच पीळ आसापासून १० सेंटिमीटर अंतरावर रोखला, तर ४० किलोएवढाच जोर पुरतो. टॉर्क आर्मचे संपूर्ण तत्त्व एवढेच आहे.

पट्टी नसल्यास खाच हळूहळू रुंदावते, आस फिरतो, त्यातून बाहेर येणारी वायर पिळून तुटते आणि चाक निखळू शकते. पुढच्या चाकात हा धोका अधिक गंभीर होय. कारण तेथील खाच खाली उघडी असते. ॲल्युमिनिअमचा फोर्क तर पुरेसा न वाकता एकाएकी तडकू शकतो. म्हणून पुढच्या चाकात मोटर बसवायचीच असेल, तर पोलादी फोर्क निवडावा.

पट्टी बसविताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पट्टी जाड पोलादाची असावी आणि तिचे छिद्र आसाच्या सपाट बाजूंवर तसूभरही न हलता बसावे. दुसरे टोक फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने पक्के करावे. आसाला पीळ मागच्या दिशेने बसतो. म्हणून पट्टी मागच्या चाकाला आडव्या नळीच्या खालून, तर पुढच्या चाकाला फोर्कच्या समोरून ठेवावी. असे केल्यास जोर क्लॅम्पवर न येता नळीवर टेकतो. वॉशर सपाट बसले आहेत ना, हे पाहूनच नट आवळावेत. ब्रेक लावताना बॅटरी भारित करणाऱ्या मोटरमध्ये पिळाची दिशा वारंवार उलटते व नट ढिले होतात. तेथे दोन्ही बाजूंना पट्ट्या लावणे श्रेयस्कर.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर आणि पुढेही नियमितपणे नटांना पाना लावून पाहावा. आपल्या घरातील मूल अशा सायकलीवर बसणार असेल, तर दुकानदाराला वेगाविषयी विचारण्यापूर्वी या पट्टीविषयी विचारावे.