दुपारी दोन ते चार

शेतकऱ्याच्या घरात काम संपले असे कधी होत नाही. आमच्या शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की लावणी, मग बेणणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी नि झोडणी. भात खळ्यावर येते न येते तोच वाल-हरभऱ्याची पेर. त्यात गुरेढोरे, लाकूडफाटा, पाणी. "जरा हात मोकळा झाला की कलमे लावीन," "पोरे मोठी झाली की दहावीला बसेन," ही वाक्ये मी या दोन तालुक्यांच्या बांधांवर कैक वर्षे ऐकत आलो आहे. हात मोकळा झालेला शेतकरी मात्र मला अजून भेटायचा आहे!

म्हणूनच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिवजयंतीला गावात वाचन चालू असता, आपल्यालाही असे वाचता आले असते तर, असे काही म्हाताऱ्या बायका बोलल्या. ते गावच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ऐकले आणि मनावर घेतले. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हात दिला. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या, अशा तीसेक आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर नि त्यात पाटी घेऊन शाळेला निघाल्या. शिकवायला गावातलीच एक शिकलेली सून. तिच्या वर्गात तिची सासूही होती! पुढे देशोदेशीचे बातमीदार ही शाळा पाहायला येऊन गेले.

बातमीदारांनी गुलाबी लुगड्यांचे फोटो पुष्कळ काढले. मला विशेष वाटते ते शाळेच्या वेळेचे. दुपारी दोन ते चार. सकाळचे झाडलोट, शेण, पाणी, रांधणे उरकलेले, आणि गुरे परतायला, दिवेलागणीला अवकाश. कामाच्या दिवसात जी फट आधीपासून होती, तीच शाळेसाठी धरली. आठवड्याचे सहा दिवस, रोज दोनच तास. आज मुळाक्षरे, उद्या आकडे. घरी नातवंडे आजीचा अभ्यास घ्यायला बसली. जन्मभर कागदावर अंगठा उठवणाऱ्या बायका आपले नाव लिहू लागल्या. बँकेत गेल्यावर शाईचा डबा पुढे सरकवला जातो, तेव्हा माणसाला कसे वाटते, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट. यातली एकटीच आजी घरी पाटी घेऊन बसली असती, तर चार दिवसांत कुणी तरी हसले असते आणि पाटी फडताळात गेली असती. तीसजणी एकाच रंगाचे लुगडे नेसून निघाल्या, मग हसणार कोण?

नोकरी करून शेती सांभाळणाऱ्यांनाही फट शोधावीच लागते. आसनगाव, आटगाव, खर्डीहून पहाटेची लोकल धरणारे आणि मुरबाडच्या कारखान्यांत पाळी करणारे मला नेहमी भेटतात. मुंबई गाठायची तर आसनगावहून सुमारे दोन तास जायला, दोन तास यायला. घरी आले की अंग टाकायचे. अशा एखाद्याच्या मनात वरकस जमिनीवर आंब्याची कलमे लावायचे असते, पण महिनाभर रजा काही मिळत नाही. रजा हवी कशाला? दहा-दहा मीटरवर कलमे लावली, तर एकरी चाळीस खड्डे होतात. मीटरभर लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल खड्डा. आपल्या मुरमाड जमिनीत एका माणसाला दिवसाला दोन पुरे. दिवाळीनंतर, जमीन अगदी दगड व्हायच्या आत सुरुवात करावी. दर रविवारी दोन, म्हणजे वीस रविवारांत चाळीस. उन्हाळाभर खड्डे तापू द्यावेत, पावसाच्या तोंडावर शेणखत नि चांगली माती घालून भरावेत आणि पाऊस स्थिरावला की कलमे लावावीत. मधले दोन रविवार लग्नात गेले तरी हिशेब फारसा बिघडत नाही.

अवघड प्रश्न आहे तो सुनेचा. आजीला दुपारचे दोन तास मिळाले, कारण घरचा भार सुनेने उचलला. त्या सुनेला कोण देणार? सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या कितीतरी मुली लग्न होऊन आपल्या गावांत आल्या आहेत. अंगणवाडीत, बचत गटात नाव पुढे आले की शिक्षणाची अट आडवी येते. त्यांची फट त्यांना एकटीने सापडत नाही. ती घरानेच करून द्यावी लागते. पाणी नवऱ्याने भरले किंवा संध्याकाळची भाकरी सासूने थापली, तर तास निघतो. लावणीच्या दिवसांत तो बुडेल, बुडू द्यावा. लावणी संपली की पुन्हा त्याच वेळेला पुस्तक उघडावे.

वाचकहो, शाळेत न जाता दहावी-बारावीला बसायची सोय आहे. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरतात. तारखा परीक्षा मंडळ दरवर्षी जाहीर करते, जवळच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. त्यापुढचे शिक्षण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून घेता येते. १९८९ साली ते अशाच लोकांसाठी निघाले. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो बहुतेक सुनांचा माहेरी, नाही तर जुन्या शाळेतच पडलेला असतो. तेव्हा यंदा गौरी-गणपतीला माहेरी जाणे होईल, तेव्हा आठवणीने आणावा.