एका वडापावचा लोहगड

मळवली स्टेशनपासून लोहगडाच्या माथ्यापर्यंत उंचीचा फरक साधारण 430 मीटर. सत्तर किलोचा माणूस एवढा चढतो तेव्हा तो स्वतःलाच तेवढा वर उचलत असतो. शाळेतला हिशेब लावला तर हे काम विजेच्या एका युनिटच्या बाराव्या हिश्शाइतकं भरतं. म्हणजे घामाघूम होऊन, तीनदा बसून, चारदा पाणी पिऊन जे केलं, त्याची वीजबिलातली किंमत साठ-सत्तर पैसे. शरीराचं यंत्र खाल्लेल्यापैकी जेमतेम पाव हिस्साच कामाला लावतं, हे धरलं तरी नुसत्या चढाला तीनशेच्या आतबाहेर कॅलरी लागतात. एक वडापाव. उतरल्यावर स्टेशनजवळच्या गाडीवर आपण दोन खातो, तेव्हा गड चढून वजन उतरत नाही ही तक्रार गडाकडे नेण्यात अर्थ नाही.

असे वीस-एकवीस लोहगड एकावर एक रचले की एव्हरेस्ट होतो, तोही समुद्रसपाटीपासून मोजलेला, 8,849 मीटरचा. दर रविवारी मळवलीला उतरणारा माणूस पाच महिन्यांत तेवढा चढून जातो आणि त्याला हार कोणी घालत नाही. मावळातल्या गडांची उंची कागदावर बेताचीच आहे. लोहगड 1,033 मीटर, शेजारचा विसापूर त्याहून पन्नासेक मीटरनं वर, तुंग आणि तिकोना त्याच घरात. मुळात लोणावळाच सव्वासहाशे मीटरवर बसलेलं. आकडे पाहून एखादा म्हणेल, ही तर टेकाडं.

फसगत होते ती इथे. मावळात गडाची उंची विचारण्यात काही राम नाही, वाट कुठली ते विचारावं.

राजमाचीच घ्या. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे निघालात तर पंधरा-सोळा किलोमीटरची पायपीट, पण श्रीवर्धन बालेकिल्ल्याचा माथा 914 मीटरवर, म्हणजे निव्वळ चढ तीनशेच्या आत. सायकलवाला जातो, पावसाळा सोडून जीप जाते, शाळेची सहल जाते. तोच किल्ला कर्जतकडून, कोंडिवड्यातून कोंढाणे लेण्यांवरून चढा. अंतर निम्म्याहून कमी आणि चढ आठशे मीटरच्या वर. किल्ला तोच, गडाखालच्या उधेवाडीतली पिठलं-भाकरीही तीच. एका वाटेनं पाय दुखतात, दुसरीनं छाती फुलते.

हे असं का, याचं उत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या थरांनी आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग झाकला आहे. अख्खा महाराष्ट्र 3 लाख 8 हजारांचा, म्हणजे दीड महाराष्ट्राहून जास्त. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या एका गटाला लोणावळ्याचं आणि त्यातल्या एका थराला खंडाळ्याचं नाव दिलं आहे. चिक्कीवाल्यांना हे कळलं तर पाकिटावर येईल. कठीण थराचा कडा उरतो, मऊ थर झिजून त्याची सपाटी होते. कडा, सपाटी, पुन्हा कडा. आपल्या पूर्वजांनी सपाटीला माची म्हटलं, वरच्या कड्याला तासून तट केला आणि निम्मं बांधकाम फुकटात मिळवलं. म्हणूनच इथे आजीला झेपणारी वाट आणि कातळारोहकाचा घाम काढणारी भिंत यांच्यात कधी कधी शंभर मीटरचंही अंतर नसतं.

नागफणीवर, म्हणजे ड्यूक्स नोजवर, हे डोळ्यांनी दिसतं. कुरवंडे गावातून माथ्यावर जायला तासाभराची चाल. पुढे तीन पावलं टाकली तर शेकडो फुटांचा कडा. त्यावरून दोरानं उतरणारे ज्या दोरावर विसंबतात तो करंगळीएवढा जाड असतो, पण त्या प्रकारच्या दोराला प्रमाणित होण्यासाठी निदान सव्वादोन टन ताण सोसून दाखवावा लागतो. बत्तीस माणसं एका करंगळीला. दोर सहसा तुटत नाही; चुकते ती गाठ, नाहीतर गाठ मारणाऱ्याचं लक्ष. ढाकच्या बहिरीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे आकडा सांगून उपयोगच नाही. कड्याच्या पोटातल्या गुहेकडे जाताना हाताला दोर आणि पायाला खोबण्या. दृष्टिभय असणाऱ्यानं खालच्या झाडाखाली बसून मित्रांच्या पिशव्या सांभाळाव्यात. त्यात कमीपणा काहीच नाही.

माणसानं या कातळाशी जो हट्ट केला त्याचे आकडेही कमी नाहीत. कार्ल्याचं चैत्यगृह अडतीस मीटर लांब, चौदा रुंद आणि तेवढंच उंच. कमान, खांब, स्तूप वजा जाता ढोबळ पाच हजार घनमीटर दगड बाहेर निघाला असेल. काळा पाषाण घनमीटरला जवळपास तीन टन, म्हणजे चौदा-पंधरा हजार टन. दहा टनी ट्रक लावले तर रांग दीड हजारांची. छिन्नी-हातोड्यानं, दोन हजार वर्षांपूर्वी. छताच्या लाकडी फासळ्या आजही त्याच आहेत. शेजारच्या एकवीरा देवीला निघालेल्या आज्या या चमत्काराला वळसा घालून अनवाणी वर जातात आणि बूट घातलेला नातू मागे धापा टाकतो.

मग आगगाडी आली. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गावर 25 बोगदे होते, आणि काम भरात असताना सुमारे 42 हजार माणसं राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढे चालवलं. एवढं करून चढ मिळाला तो 37 मीटर जाल तेव्हा एक मीटर वर, असा. इंजिनाला तोही जड. कर्जतला गाडीच्या मागे आजही जादा इंजिनं लागतात. कोंडिवड्याची वाट याच्या चौपटीहून खडी आहे आणि तिथे मागून ढकलायला कोणी नसतं.

पाण्याचे आकडे मात्र हसण्यावारी न्यायचे नाहीत. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चौसष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर लोणावळ्यात पावसाळ्याभरात 37 हजार लिटर पाणी पडतं, पावणेचार टँकर. हे पाणी उतरणीला लागलं की वेग दुप्पट झाल्यावर त्याचा जोर चौपट होतो. घोट्याएवढ्या पाण्यात फोटो काढणाऱ्याला हे गणित दिसत नाही, कारण पाणी वाढायला इशारा लागत नाही. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली.

पवना धरणाचं पाणी वरून शांत. साडेआठ टीएमसी, म्हणजे चोवीस हजार कोटी लिटर. त्यात कयाक वल्हवायला ताकद फारशी लागत नाही, म्हातारा-तरणा कुणालाही जमतं. पण एक आकडा पाठ हवा. पाण्यात माणसाचं वजन जवळपास नाहीसं होतं. डोकं वर राहायला तीन ते पाच किलोंचा आधार पुरतो. सत्तर किलोचा माणूस बुडतो तो या तीन ते पाच किलोंपायी. लाइफ जॅकेटचं काम एवढंच, आणि ते बोटीत पायाशी ठेवलेलं असेल तर तेवढंही नाही.

कुरवंड्याच्या धारेवर पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडतात. एक कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. तो तिथून पन्नासेक किलोमीटरवर. दुसरा इंद्रायणीत जातो. देहू, आळंदी, मग भीमेतून पंढरपूर, पुढे कृष्णा, आणि हजार किलोमीटरहून जास्त चालून बंगालचा उपसागर. टाटांनी या वारकऱ्यांतल्या बऱ्याच जणांना वाटेतून परत फिरवलं. आधी 1915 साली लोणावळ्याच्या तलावांतून खोपोलीकडे, मग 1927 साली मुळशीहून भिऱ्याकडे, दोन्हीकडे पाचशे मीटरचा उतार. पाचशे मीटर खाली पडणारा एक लिटर नऊ वॅटचा दिवा नऊ मिनिटं पेटवू शकतो. भिऱ्याला वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत सुटतं आणि कोलाडचे राफ्टवाले त्याच वेळेला पुण्या-मुंबईच्या पोरांना हेल्मेट घालून तयार ठेवतात. तासाभराच्या त्या उसळ्या सगळ्या वारी चुकलेल्या पाण्याच्या.