सात गंधर्व, पण गाणी सहांचीच : कलाकारांच्या नावावरून प्लेलिस्ट कशी बनवतात?

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा या तालुक्याच्या गावाचं नाव कुठंही लिहायचं असेल, तर पुढे कंसात ‘घाडगे’ लिहावं लागतं. कारण वाशिम जिल्ह्यात दुसरं कारंजा आहे, कारंजा (लाड). उरणजवळ तिसरं आहे. कंस विसरला की पार्सल भलतीकडे जातं.

मोबाईलवर गाणी शोधतानाही नेमकं हेच होतं. ‘सवाई गंधर्व’ असं टाईप करा. समोर येतात भीमसेन जोशी, येतात आजचे तरुण सतारवादक, येतात बासरीवाले. सवाई गंधर्व स्वतः मात्र कुठंतरी खाली. कारण १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावानं महोत्सव भरतो आणि तिथल्या प्रत्येक रेकॉर्डिंगला ते नाव चिकटलेलं असतं. ‘बालगंधर्व’ शोधलं तर पुण्यातलं रंगमंदिर येतं आणि २०११ चा सिनेमा येतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कलाकारांच्या नावावरून गाण्यांचा मिक्स बनवायचा खेळ. ‘पावसाची गाणी’, ‘ब्रेकअपची गाणी’, ‘लाँग ड्राईव्ह’ हे मिक्स ॲप स्वतःच बनवून देतं. पण ‘ज्यांच्या नावात गंधर्व आहे ते सगळे’ असा मिक्स ॲप सहसा देत नाही, कारण ते मूड बघतं, आवाज बघतं, तुम्ही काल काय ऐकलं ते बघतं. नाव कुठून आलं, हे ते बघत नाही. तिथं माणूसच लागतो.

आता गंधर्वांचंच घेऊ. जन्मानं यातल्या एकाचंही नाव गंधर्व नाही. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. त्यांना हे नाव लोकमान्य टिळकांनी दिलं असं सांगतात. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ‘सवाई’ ही पदवी अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी दिली असं म्हणतात, म्हणजे पुण्यात गाजणारं नाव मुळात वऱ्हाडातलं. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे. कुमार गंधर्व म्हणजे बेळगाव जिल्ह्यात १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. त्यांच्या घरात तर नावांची गंमतच आहे. मुलगा मुकुल शिवपुत्र, कारण त्यानं वडिलांचं खरं नाव आडनावासारखं लावलं. मुलगी कलापिनी कोमकली. तिघंही गाणारे, तीन वेगळी आडनावं. ॲपला हे एकाच घरातले आहेत हे कोण सांगणार?

त्याआधीचे दोन गंधर्व म्हणजे भूगंधर्व रहिमत खाँ आणि देवगंधर्व भास्करबुवा बखले. दोघंही १९२२ साली गेले. रहिमत खाँ यांच्या तबकड्या निघाल्या होत्या, त्या आजही ऐकायला मिळतात. भास्करबुवांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. बालगंधर्वांचे हे गुरू, पण मिक्समध्ये त्यांची जागा रिकामी राहते. अशा वेळी हौशी लोक युक्ती करतात. भास्करबुवांनी चाल दिलेलं ‘संगीत स्वयंवर’ नाटकातलं एखादं पद बालगंधर्वांच्या आवाजात लावतात. नियम थोडा वाकतो, पण वाकवावा तो इथंच.

सातवे आहेत आनंद गंधर्व, म्हणजे आनंद भाटे. त्यांना हे नाव लहानपणीच मिळालं. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि भीमसेनजींचे शिष्य भाटे. ‘बालगंधर्व’ सिनेमात बालगंधर्वांसाठी आवाज दिला तो भाटेंनी, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे सवाई, आनंद आणि बाल हे तीन गंधर्व एका ओळीत बसतात. प्लेलिस्टचा क्रम लावायला याहून चांगला धागा मिळणार नाही. सालाप्रमाणे लावण्यापेक्षा गुरू-शिष्य असा क्रम लावला, की एकाची जागा दुसऱ्याच्या गळ्यात कशी उतरली ते कानालाच कळतं.

मिळालेल्या नावांचा असाच मिक्स विदर्भापुरताही होतो. कारंजा (घाडगे) ज्या नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर पुढे गुरुकुंज मोझरी लागतं. तिथले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. मूळ नाव माणिक. ‘तुकड्या’ हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी दिलं. खंजिरीवरचा त्यांचा स्वतःचा आवाज उपलब्ध आहे, पण सर्चमध्ये आधी त्यांची भजनं गाणारे दुसरेच गायक येतात. ‘तुकडोजी महाराज भजन’ असं न शोधता पुढे ‘मूळ आवाज’ असं लिहावं आणि खालचं वर्णन वाचावं. अपलोड करणारा बऱ्याचदा तिथं खरं काय ते लिहितो.

दुसरी मोठी थीम म्हणजे ‘कर’. ही वरवर सोपी वाटते, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात दर चौथा माणूस कुठला तरी ‘कर’ असतो. पण गाणाऱ्यांची यादी लावली की गोव्याचा नकाशाच तयार होतो. मंगेशीवरून मंगेशकर. त्याच मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी, त्यांच्या घराण्याकडे देवाच्या अभिषेकाचं काम म्हणून ते आडनाव. केरीच्या केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. फोंडा तालुक्यातल्या त्या छोट्या गावाचं नाव गायिकेच्या आडनावातून सूर्यमालेबाहेर गेलं.

आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. कुर्डी गाव साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे आणि देऊळ वर येतं, गावकरी तेवढ्यापुरते परत येतात. मोगूबाईंच्या तबकडीवर मात्र गावाचं नाव वर्षभर कोरडं आहे.

या बायकांच्या नावात गाव का, हा प्रश्न विचारायला हवा. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत कुटुंबांतल्या मुलींना वडिलांचं आडनाव लावायची सोय नव्हती. मग गावच आडनाव झालं. हिराबाई बडोदेकरांचंही तसंच काहीसं. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. आईवडील वेगळे झाल्यावर मुलांची नावं बदलली. भाऊ सुरेशबाबू माने, बहीण सरस्वती राणे, हिराबाई बडोदेकर. तिघांची गाणी सलग लावली तर ती भावंडं आहेत हे नावावरून कुणालाही ओळखता येणार नाही.

आता थोडं कामाचं. यादी आधी कागदावर करा, ॲपमध्ये नंतर. नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही प्रकारे शोधा, कारण एकच ‘वाडकर’ दोन-तीन स्पेलिंगनं सापडतात. एका कलाकाराची एकच चीज घ्या, नाहीतर मंगेशकर बाकीच्यांना गिळून टाकतात. जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची आणि खरखरीची, नवं रेकॉर्डिंग अर्ध्या तासाचं आणि दणदणीत, तेव्हा आवाज सारखा करणारी सेटिंग चालू ठेवा आणि एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी बंद.

नाव तपासल्याशिवाय तर काहीच शेअर करू नका. सुमन कल्याणपूर यांची कितीतरी गाणी वर्षानुवर्षं लोकांनी लताबाईंची म्हणून ऐकली, आणि तीच चूक आजही व्हिडिओंच्या शीर्षकात फिरते. कल्याणपूर हे लग्नानंतरचं आडनाव, माहेरच्या त्या हेमाडी. नावांच्या मिक्समध्ये त्यांना घेणार असाल, तर आधी शीर्षक बघा आणि मग आवाज.